पंपापायी २५,३४७ रुपये गेले

२५,३४७ रुपये. एका ब्रेस्ट पंपाच्या नावाखाली एवढे गेले आणि त्यातले निम्म्याहून जास्त मी स्वतः पिन टाकून पाठवले. माहेरी अजून सांगितलेलं नाही. इथे लिहितेय, कारण तो माणूस आत्तासुद्धा पुण्यातल्या कुठल्या तरी बाळंतिणीला 'ताई, टेन्शन घेऊ नका' म्हणत असणार.

बाळ चौतिसाव्या आठवड्यात झालं. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, ओढायची ताकद नव्हती. डॉक्टर म्हणाले, दर दोन-तीन तासांनी दूध काढा, रात्रीसुद्धा. काढत राहाल तरच येत राहील. सिझेरियनचे टाके, नवरा हिंजवडीला, सासूबाईंचे गुडघे. दुकानात जाणार कोण? मोबाइलवर जाहिरात दिसली : 'हॉस्पिटल ग्रेड, डबल इलेक्ट्रिक, १९,९९९ चा पंप आज ७,४९९ ला.' माणूस छान मराठी बोलत होता. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कारण म्हणे 'हायजिनचं प्रॉडक्ट आहे ताई'. मला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

खोक्यावर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, ग्राहक तक्रारीचा नंबर नाही. साध्या बिस्किटाच्या पुड्यावर हे सगळं असतं! पार्सल फोडताना व्हिडिओ काढायचा, आणि हे नसेल तर तिथेच थांबायचं. नवरा व्हिडिओ काढू म्हणाला होता, मीच घाई केली. तिकडे बाळ उपाशी आणि इकडे मी शूटिंग करत बसू?

पंप घरघरायचा खूप, पण खेचायचा नाही. अर्धा तास बसून तळाशी जेमतेम दूध. त्याला कळवलं, तर म्हणाला, पंप ठीक आहे, तुमचंच दूध कमी आहे. आणि लगेच दूध वाढवायची पावडर, तीन डबे, २,८५० रुपये. घरात अळीव, डिंक, शतावरी आधीच चालू होती, त्यात ही भर. मी रात्र रात्र रडले. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं बाईला वाटायला लावणं, हाच त्याचा खरा धंदा.

शेवटी एनआयसीयूतल्या सिस्टरनी तो पंप हातात घेतला. आतला सिलिकॉनचा पडदा नीट बसतच नव्हता, त्यामुळे हवा सुटत होती. फ्लँज, म्हणजे छातीला लावायचं फनेल, २८ मिलिमीटरचा, मला लागत होता २१ चा. हॉस्पिटलच्या पंपावर त्याच दुपारी ६० मिली निघालं. दूध होतंच! निपल मोजून फ्लँज घ्या, 'सगळ्यांना एकच साइझ बसते' म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. आणि पंपात किती आलं, त्यावरून अंगावर किती आहे हे ठरत नाही. पहिल्या दिवसांत तर चीक थेंबाथेंबानेच येतो, तो हाताने काढलेलाच बरा.

पैसे परत मागितले. वाद न घालता 'हो' म्हणाला. तिथेच शंका यायला हवी होती. क्यूआर कोड पाठवला : 'स्कॅन करा ताई, ७,४९९ तुमच्या खात्यात येतील.' पहाटेची वेळ, मांडीवर नुकतंच घरी आलेलं बाळ, एका हातात फोन. स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. खाली 'पे' लिहिलेलं. पिन मागितला. पैसे यायला पिन लागत नाही, हे मी स्वतः सासऱ्यांना शिकवलंय! तरी टाकला. ७,४९९ गेले. तो म्हणाला, 'उलटं झालं, परत एकदा करा, दोन्ही एकदम येतील.' आणि मी परत केलं. त्या दुसऱ्या वेळेचं काय उत्तर देऊ? सलग दोन तास झोप न मिळालेल्या बाईला विचारा.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. असं झालं तर घरच्यांशी चर्चा करत बसू नका, आधी हा नंबर लावा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी सकाळ होऊ दिली. बँकेतला साहेब मान वर न करता म्हणाला, 'पिन तुम्हीच टाकलाय ना मॅडम? मग व्यवहार अधिकृत.' अहो, फसवून टाकून घेतलाय! त्याचा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नाही. चौकीत गेले तर म्हणाले, इथे होत नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले, आधी चौकीत अर्ज द्या. टाके ओढतायत, दुधाने कुर्ता भिजलाय, आणि हवालदार सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, 'ब्रेस्ट पंप म्हणजे नक्की काय वस्तू?' बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. समजावून सांगितलं, तर 'एवढ्या रकमेसाठी लहान बाळ सोडून कशाला फिरता?' म्हणे. एवढी रक्कम! लाखाच्या खाली फसलेल्या माणसाने बहुतेक पेढे वाटायचे असतात.

पंप हवा असेल तर बाळ जिथे आहे त्या वॉर्डातल्या सिस्टरना आधी विचारा, अनेक ठिकाणी भाड्याने मिळायची सोय माहीत असते. कुणाचा वापरलेला घेणार असाल तर दूध मोटरपर्यंत जाऊ न देणारा, क्लोज्ड सिस्टिमचाच बघा, आणि फ्लँज, व्हॉल्व्ह, नळ्या स्वतःच्या नव्या घ्या. पावडरीच्या नादी लागण्याआधी पंप तपासा.

काल बँकेचा मेल आला, तक्रार 'निकाली काढली' आहे. त्याच फोटोची जाहिरात आज नव्या नावाने फिरतेय, किंमत ६,९९९. स्क्रीनशॉट चौकीत पाठवलाय. अजून कुणी उघडलेलासुद्धा नाही.