बॉटल पाम म्हणून घेतलाय, पण रॉयल तर नाही ना?

आपल्याकडं लातूर-नांदेड साईडला नर्सरीत बूड फुगलेला कुठलाही पाम दिसला की बॉटल पाम म्हणून देऊन टाकतात, आणि घरी लावल्यावर बऱ्याचदा तो रॉयल निघतो. कमी वयात दोघांचंही बूड फुगतं त्यामुळं खोडावर जाऊच नका, पानं बघा.

बॉटलला एका वेळी जेमतेम चार-आठ पानं, कमानीसारखी वाकलेली, पात्या दोन्ही बाजूंनी वर उचललेल्या त्यामुळं मधी व्ही आकार दिसतो, अन् कोवळ्या रोपाच्या देठावर लालसर झाक असते. रॉयलच्या पात्या चारी अंगांनी निघतात, पान कोल्ह्याच्या शेपटीगत झुपकेदार दिसतं. अगदी बारक्या रोपात मात्र हे नीट कळत नाही, थोडी वाट बघावी लागते.

बॉटल मूळचा मॉरिशसजवळच्या राऊंड आयलंडचा, लई हळू वाढतो, ३-४ मीटरवर थांबतो. पाणी साचलेलं त्याला चालत नाही, म्हणून काळ्या रानात मुरूम-वाळू टाकून उंचवट्यावरच लावा. रॉयल क्यूबाकडचा, २० मीटरच्या वर जातो, पाणी भरपूर पितो (टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी विचार करा) आणि वाळलेलं पान ३-४ मीटरचं, पडलं की खालच्या गाडीचं काही खरं नाही. छोट्या प्लॉटला माझं मत सरळ बॉटलला.

रॉयल निघालाच तर लहान असतानाच लाईटच्या तारेपासून लांब हलवा, पण पाऊस लागल्यावर, मे महिन्यात नको.