लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं जुनं कार्ड: एलएसआय ९२११-८आय

बाबांच्या भजनी मंडळाच्या सगळ्या कॅसेट मी डिजिटल करून भांडुपच्या घरातल्या डेबियन लिनक्सच्या मशिनवर ठेवल्यात. चार टीबीच्या सहा डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने रेड ६ मांडणीत एकत्र बांधलेल्या. मदरबोर्डला डिस्क जोडायचे साटा पोर्ट चारच, म्हणून उरलेल्या दोन डिस्कसाठी एक स्वस्त कार्ड घेतलं होतं. एरवी ते बरं चालायचं. पण डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खा ॲरे, म्हणजे डिस्कचा हा संच, वाचून तपासतं. अशाच एका रविवारी लॉगमध्ये लिंक रीसेटच्या, म्हणजे डिस्कशी जोडणी तुटून पुन्हा जुळवल्याच्या, ओळींची रांग लागली आणि त्या दोन्ही डिस्क ॲरेतून बाहेर पडल्या. दोन डिस्क गेल्या तरी रेड ६ तग धरतं, म्हणून बाबांचा आवाज वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ते स्वस्त कार्ड बदलायचं ठरवलं आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पहिल्या दुकानात १०६८ई चिपचं जुनं कार्ड पुढे आलं, "ताई, काम तेच, पैसे कमी." ते घेऊ नका. दोन टीबीच्या पुढची डिस्क त्याला पूर्ण दिसतच नाही. आपल्याला हवी एसएएस२००८ चिप, ती एलएसआय ९२११-८आय कार्डावर असते. ते कार्ड मिळालं पुढच्या गल्लीत, सर्व्हरमधून उतरवलेलं.

घेताना आयटी मोडचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातलं सॉफ्टवेअर, आहे का ते विचारा. रेडचं काम कार्डाकडे सोपवलं की डिस्कवरची मांडणी त्या कार्डाची होते. कार्ड गेलं की तसलंच दुसरं शोधत हिंडायचं. आयटी मोडमध्ये कार्ड मध्ये लुडबुड करत नाही. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलला प्रत्येक डिस्क थेट दिसते आणि उद्या मशिन बदललं तरी एमडीएडीएम ॲरे ओळखतं. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, एमपीटी३एसएएस. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये फर्मवेअर २०.००.०७.०० दिसलं आणि जिवात जीव आला.

वेगाची काळजी नको. कार्डाला मदरबोर्डशी बोलायला पीसीआय एक्स्प्रेस २.० च्या आठ लेन आहेत, त्याला थेट जोडता येणाऱ्या आठ फिरत्या डिस्कना त्या पुरून उरतात.

केबलने मात्र माझा एक दिवस खाल्ला. कार्डाच्या एका मिनी सॅस सॉकेटमधून चार साटा टोकं निघतात, ती "फॉरवर्ड" ब्रेकआउट केबल. दिसायला हुबेहूब तशीच "रिव्हर्स"ही मिळते, ती उलट दिशेची. माझ्या हाती तीच आली, आणि एकही डिस्क दिसेना. मला वाटलं, कार्डच मेलेलं आहे. दुकानदाराने काही न बोलता बदलून दिली. केबल घेताना "फॉरवर्ड" हा शब्द उच्चारूनच मागा.

आणि पंखा. हे कार्ड सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्याच्या हिशेबाने बनलंय, घरच्या कॅबिनेटमध्ये तेवढी हवा खेळत नाही. हीटसिंकला बोट लावलं तर चटका बसला. चाळीस मिलिमीटरचा छोटा पंखा त्यावर बसवला. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, तपासणी संपेपर्यंत मी लॉगसमोर बसून होते. एकही रीसेट आला नाही.