आठ महिन्यांच्या वापरानंतर: टायनीएसए अल्ट्रा, नियर-फील्ड प्रोब आणि घरचा फेराइट क्लॅम्प

ईएमसी चेंबरचा (उपकरणातून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट मोजायची बंदिस्त खोली) स्लॉट घेण्याआधी बोर्ड टेबलावरच तपासायचा, एवढ्यासाठी महापे एमआयडीसीत हा संच आठ महिने रोज वापरात आहे: टायनीएसए अल्ट्रा हा छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, जवळून गोंगाट हुंगणारा नियर-फील्ड प्रोब आणि केबलवरचा करंट मोजणारा क्लॅम्प. सगळ्यात जास्त कामी आला तो विकत न घेतलेला भाग, म्हणजे क्लॅम्प: केबलभोवती बसणाऱ्या स्नॅप-ऑन फेराइटवर तारेचे पाच वेढे आणि अ‍ॅनालायझरला जोडायला एसएमए कनेक्टर.

प्रोब गोंगाट कुठे आहे ते दाखवतो. तो गोंगाट केबलवर किती चढतोय ते प्रोब सांगत नाही. बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी करणारं स्विचिंग सर्किट) इंडक्टरवर प्रोब धरला की आकडा फुगणारच, आणि मग तिथेच तांब्याची पट्टी चिकटवण्यात दिवस जातो. चेंबरमध्ये नापास करतो तो बहुतेकदा केबलवरचा कॉमन-मोड करंट, म्हणजे केबलच्या सगळ्या तारांमधून एकाच दिशेने वाहणारा, जो केबलला अँटेना बनवतो. 1 मीटर केबलवर 50 मेगाहर्ट्झला फक्त 5 मायक्रोअँपिअर असले, तरी 3 मीटर अंतरावर सुमारे 40 डीबीमायक्रोव्होल्ट प्रति मीटर भरतात. सिस्पर 32 क्लास बी (घरगुती वापराच्या उपकरणांचं उत्सर्जन मानक) ची मर्यादा तिथेच संपते. क्लॅम्पचे पाच वेढे अ‍ॅनालायझरच्या 50 ओहमवर ढोबळमानाने 10 ओहम देतात (दर अँपिअरला 10 व्होल्ट), म्हणजे त्या 5 मायक्रोअँपिअरला स्क्रीनवर उणे 73 डीबीएम. 50 मेगाहर्ट्झच्या आसपास त्याच्या वर काही दिसत असेल तर स्लॉटचे पैसे घालवू नका.

आरबीडब्ल्यू (एका वेळी मोजल्या जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी) मानकातली 120 किलोहर्ट्झ या अ‍ॅनालायझरवर मिळत नाही, 100 वर काम भागतं. खरी अडचण बाहेरच्या सिग्नलची. 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये एफएम स्टेशनं ठाण मांडून असतात. उत्पादन बंद ठेवून आधी ट्रेस साठवा, मग चालू करा. शंकास्पद पीक दिसला की अ‍ॅटेन्युएशन (आत येणारा सिग्नल कमी करणं) 10 डीबीने वाढवा: खरा सिग्नल जागेवर राहतो, ओव्हरलोडमुळे उमटलेला खोटा पीक खाली बसतो. इथरनेटच्या 25 मेगाहर्ट्झ क्रिस्टलचे 125, 175, 225 असे हार्मोनिक या चाचणीत ढळत नाहीत. अशा वेळी कनेक्टरचं कवच चासीला चारही बाजूंनी टेकतंय का ते आधी बघा, फेराइट नंतर.

एलआयएसएन (मेन्सच्या तारेवरचा गोंगाट मोजायला मध्ये लावायचं जाळं) आणलात तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. आतल्या कपॅसिटरमधून अर्थला जाणारा करंट 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला (गळती करंट दिसला की वीज तोडणारा स्विच) लगेच पाडतो, आणि म्हणून कोणी अर्थ काढून ठेवला तर बॉडीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. अ‍ॅनालायझरला अचानक येणाऱ्या झटक्यांपासून वाचवणारा ट्रान्झियंट लिमिटरही लावाच. चालू करण्याचा क्रम असा: मेन्स, मग उत्पादन, सगळ्यात शेवटी अ‍ॅनालायझरची केबल. बंद करताना ती केबल सगळ्यात आधी काढायची.