एक बादली, दोन पिकअप: अकरा महिने वेगळं ऑइल वापरल्यावर

आमच्या घरी दोन पिकअप आहेत. जुनी २०१२ची, बीएस३, साडेतीन लाख किलोमीटरच्या घरात गेलेली. ती चुलतभाऊ चालवतो. नवी २०२१ची, बीएस६, ती माझ्याकडे. दोन्हींचं काम एकच. सीझनला साठ-सत्तर कॅरेट टोमॅटो भरायचा, ओतूरवरून माळशेज उतरून मुरबाड-कल्याणमार्गे वाशी मार्केट गाठायचं, आणि येताना किराणा, पत्रे, मिळेल ते भाडं घेऊन तोच घाट चढायचा.

दोन्हींना ऑइलही एकच होतं. २० लिटरची बादली आणायची, सीआय-४ प्लस (हा डिझेल ऑइलचा दर्जा), १५डब्ल्यू-४० (ही जाडी), आणि ज्या गाडीची ऑइल-बदली आली तिच्यात ओतायचं. घरातल्या आण्णांचं म्हणणं, डिझेलची गाडी ती डिझेलची गाडी, तिला काय जात विचारायची? बादली घेतली की लिटरमागे स्वस्तही पडतं. नवीच्या फुकटच्या सर्व्हिस संपल्यावर मीही मान डोलावली. तीन बदल्या, म्हणजे तीसेक हजार किलोमीटर, नवी गाडी त्या बादलीवर चालली.

पळायला काहीही फरक नव्हता, हे आधीच सांगतो. आवाज तोच, घाटात ओढ तीच. म्हणूनच तर फसायला होतं. फरक दिसला तो डॅशबोर्डवरच्या डीपीएफच्या दिव्यात. सायलेन्सरच्या लाईनवर काजळी अडवणारं जे गाळणं असतं, ते भरत आलं की गाडी जादा डिझेल मारून ते तापवते आणि काजळी जाळून टाकते. तेव्हा उभ्या गाडीचा रेस थोडा वर राहतो, पंखा जोरात फिरतो, जळका वास येतो. आधी हे चार-पाचशे किलोमीटरला एकदा व्हायचं. नंतर दोनशेला व्हायला लागलं. ९६ हजाराला दिवा पेटला तो विझेचना. सर्व्हिस सेंटरला कॉम्प्युटर लावून जबरदस्तीने जाळणी करून घेतली, तिथल्या माणसाने कागद पुढे केला, त्यावर ऑइलचा ग्रेड विचारला होता. मी सांगितलं. तो हसला नाही, एवढंच त्याचे उपकार. मॅन्युअलचं पान उघडून दाखवलं: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ (एसीईए म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना, सी३ हा तिने ठरवलेला ऑइलचा दर्जा). गाडी घेतल्यापासून ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, इन्शुरन्सच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं.

मला वाटायचं ५डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४० एवढाच काय तो फरक, एक पातळ, एक जाड. खरी गोष्ट त्या "सी३" मध्ये आहे. ऑइलमध्ये इंजिन साफ ठेवणारी आणि झीज रोखणारी जी रसायनं घालतात, त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त असे धातू असतात. थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतंच. काजळी जळून जाते, धातूची राख मात्र जळत नाही, ती गाळण्यात बसते ती कायमची. सी३ मध्ये ही राख वजनाच्या ०.८ टक्क्यावर जाऊन चालत नाही. सीआय-४ला राखेची मर्यादाच नाही, कारण ते स्पेसिफिकेशन २००२चं, तेव्हा अशी गाळणी गाड्यांवर क्वचितच असायची. त्याच्यापुढच्या सीजे-४ आणि २०१६ अखेरच्या सीके-४ला १ टक्क्याची मर्यादा आली. म्हणजे आमची बादली वाईट नव्हती. तिच्या जमान्याच्या इंजिनाला ती उत्तमच आहे. भारतात बीएस६ लागू झालं १ एप्रिल २०२०ला, आणि आमच्या शेडमधलं ऑइल त्याच्या अलीकडेच राहिलं होतं.

तर अकरा महिन्यांपूर्वी नवीत सी३चं ५डब्ल्यू-३० टाकलं. आतापर्यंत चार वेळा भरलं, साधारण ३३ हजार किलोमीटर झाले.

पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये जो सीन झाला तो सांगण्यासारखा आहे. ऑइल ओतताना मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे तर पाणी आहे. माळशेजला बेअरिंग खाऊन टाकील." खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. सकाळच्या गारव्यात दोन्ही डब्यांतली धार शेजारी शेजारी बघितली तर ३०चं ऑइल पाणीच वाटतं. पण इंजिन सकाळच्या गारव्यात चालत नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा; नंतरचा आकडा १०० अंशाला जाडी किती राहते त्याचा. १०० अंशाला ४०चं ऑइल किमान १२.५ सेंटीस्टोक असावं लागतं, ३०चं ९.३ ते १२.५च्या आत. फरक आहेच. पण बेअरिंगमध्ये, जिथे खरं रगडलं जातं, तिथली चाचणी १५० अंशाला वेगळी घेतात. तिथे (मोजायचं एकक वेगळं) १५डब्ल्यू-४०ला किमान ३.७ लागतं आणि सी३ला किमान ३.५. म्हणजे धारेत जेवढं अंतर दिसतं त्याच्या पासंगालाही तिथलं अंतर पुरत नाही.

आणि इथेच दुसरी मेख आहे. साध्या ३० ग्रेडला त्याच चाचणीत २.९ असलं तरी पास करतात. दुकानात "५डब्ल्यू-३० द्या" म्हटलं की पेट्रोल कारचा डबा हातात येऊ शकतो, माझ्या हातात एकदा आला होता. मागे एपीआय एसएन लिहिलेलं. एस म्हणजे पेट्रोल, सी म्हणजे डिझेल, ही एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची खूण. एसीईएचा सी वेगळा, तो गाळणं-कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांचा. दुकानदार म्हणाला, ग्रेड सेम आहे ना. ग्रेड सेमच होता. लोड घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत तो डबा ओतला असता तर मिस्त्रीचं भाकीत खरं ठरण्याची भीती होती. त्यामुळे डब्याच्या पुढचा मोठा आकडा मी आता शेवटी बघतो, आधी मागची बारीक अक्षरं. चष्मा लागतो, लावतो.

घाटाचं म्हणाल तर या अकरा महिन्यांत कल्याणवरून भरून येताना, मे महिन्यातही, ऑइलचा दिवा एकदाही लागला नाही. वर चढून आल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवून मग बंद करायची सवय मात्र दोन्ही गाड्यांना ठेवली आहे. टर्बो ऑइलवरच फिरतो आणि तापलेला असताना एकदम बंद केला तर आतलं ऑइल तिथेच भाजून बसतं. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद जी खडखड यायची ती कमी झाली आहे. ॲव्हरेज? लिटरला अर्धा किलोमीटर वाढल्यासारखं वाटतं, पण तेवढा फरक टायरमधल्या हवेनेही पडतो, म्हणून ते श्रेय ऑइलला देत नाही.

डीपीएफची जाळणी आता साडेतीनशेच्या आसपास येते. इथेही प्रामाणिकपणे सांगायला हवं: यातला मोठा वाटा त्या कॉम्प्युटरवाल्या सफाईचा. नवीन ऑइलने जुनी राख जात नाही. ती बसली ती बसली. कधीतरी गाळणं खोलून साफ करून घ्यावं लागणार, आणि त्याचा खर्च विचारून आलोय, त्यात ऑइलच्या बऱ्याच बदल्या होतील. शिवाय दिवा पेटायला मीही जबाबदार होतो. वाशीला गेटबाहेरच्या रांगेत गाडी तासन्‌तास चालू-बंद, चालू-बंद. जाळणी अर्ध्यावर असताना गाडी बंद केली की ती वाया जाते.

ती नुसती वाया जात नाही, हे मला पहिल्या भरणीत कळलं. दर रविवारी इंजिनातली ऑइल मोजायची दांडी काढून बघायची सवय वडिलांमुळे लागलेली. तीन-चार रविवार बघतोय, ऑइल कमी होतच नाही. मी खूश. चुलतभावाला म्हटलंही, बघ, महागाचं ऑइल थेंबभर पीत नाही. पाचव्या रविवारी लेव्हल वरच्या खुणेच्याही वर. ऑइल वाढतं कसं? दांडीला वास घेतला तर डिझेल. जाळणीसाठी मारलेलं जादा डिझेल पुरतं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. असं ऑइल खरोखरच पाणी होतं, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. ती भरणी साडेसहा हजारालाच काढून टाकली. जीव तुटला. तेव्हापासून रेस वर राहिलाय असं दिसलं की गाडी बंद करत नाही, रांगेतून निघाल्यावर पाम बीचला किंवा कल्याणच्या पुढे मोकळ्या रस्त्याला पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळवतो. पुढच्या दोन्ही भरण्या दहा हजारापर्यंत व्यवस्थित गेल्या, उलट सात हजाराच्या सुमारास अर्धा लिटर टॉप-अप लागला. कमी होणारी लेव्हल बघून बरं वाटण्याची ही पहिलीच वेळ.

काळं पडण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. हे ऑइलही काळं पडतं, पाचशे किलोमीटरच्या आतच. डिझेल इंजिनात ऑइलने काळं पडायलाच हवं, काजळी पकडून ठेवायचं काम ते करतंय म्हणून ते काळं आहे. मी बदलीच्या वेळी एक थेंब टिश्यू पेपरवर सोडून रात्रभर ठेवतो. डाग हळूहळू फिका होत पसरला तर ठीक, मधोमध डांबरासारखा गोळा राहिला तर उशीर झाला. ही काही लॅब नव्हे, पण दांडीकडे बघून "काळं आहे" म्हणण्यापेक्षा बरं.

एक तक्रार ऑइलची नाही, ओतणाऱ्याची. तिसऱ्या भरणीला मी हजर नव्हतो, हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये पोराने साडेसात लिटरचा अख्खा डबा रिकामा केला. डबा फोडला की संपवायचा, हा अलिखित नियम. दांडीवर वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. जास्त ऑइलने गाडीला जास्त ताकद येत नाही. क्रँक ते ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाचा दाब बेअरिंगला पुरत नाही. नंतर जाऊन नट ढिला करून जादाचं काढायला लावलं तर पोरगा माझ्याकडे असा बघत होता जणू मी तूप सांडतोय.

पैशांचं सांगतो. बादलीच्या हिशोबाने एका बदलीचं ऑइल मला सव्वादोन हजारांत पडायचं, सी३चं चार हजारांच्या जवळ जातं. वर्षाला तीन-चार बदल्या धरल्या तर पाच ते सात हजार जास्त. भाड्याच्या धंद्यात हे लागतं. कंपनीच्या नावाने मात्र फरक पडलेला मला तरी दिसला नाही. सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल असं बदलून बघितलं, मागची अक्षरं तीच असली की गाडी तीच. रिकाम्या डब्याला भोक पाडल्याशिवाय भंगारवाल्याला देत नाही, कारण टोपणासकट अख्खे डबे मागणारे येतात, आणि त्यांना ते कशाला हवेत हे उघड आहे.

आणि जुनी? तिला मीच शहाणपण शिकवायला गेलो होतो. धूर मारते म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० सुचवलं, एक बदली टाकून बघितली. महिनाभर धूर कमी वाटला, मग पूर्ववत, वर सकाळी सेल्फ जड आणि डिझेल जास्त. रिंग झिजल्या असतील तर त्या ऑइलने भरून येत नाहीत. मग सी३ टाकू का, असंही मनात आलं. पण तिला गाळणंच नाही, राख वाचवायची कोणासाठी? उलट साडेतीन लाखांच्या ढिल्या इंजिनात ३० ग्रेड आणखी जळेल. ती परत सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४०वर आहे, दर दहा हजाराऐवजी आठ हजाराला बदलतो, आणि ती तक्रार करत नाही.

आता शेडमध्ये बादली आहे आणि तिच्या शेजारी वेगळा डबा. रात्री-बेरात्री टॉप-अप करताना चूक होऊ नये म्हणून नवीच्या ऑइलच्या झाकणावर पांढऱ्या पेंटने "सी३" लिहून ठेवलंय. आण्णा परवा ते वाचून म्हणाले, "हा काय बिल्डिंगचा फ्लॅट नंबर आहे का?"