दसऱ्याला घेतलेला गेमिंग लॅपटॉप: आठ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला लॅपटॉप घरात आला आणि पुस्तकांच्या शेजारी त्याचीही पूजा झाली. आईने झाकणावर हळदी-कुंकवाचं बोट ओढलं, त्याचा पुसटसा डाग कोपऱ्यात अजून आहे. आता जून लागलाय. मधे पुण्याचा अख्खा उन्हाळा गेला आणि साधारण साडेतीनशे तास गेम खेळून झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते.

यंत्र असं: आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा भाग, ८ जीबी), १६ जीबी रॅम, साठवणीला ५१२ जीबी एसएसडी, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा स्क्रीन. बँकेची सवलत धरून ९२,००० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे तक्रार आहे.

घेताना मी फक्त कार्डाचं नाव बघितलं. चूकच ती, पण नशिबाने निभावली. नाव एकच ४०६०, पण लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ वॉट देतो की ११५, हे त्याच्या मर्जीवर. माझं ११५चं निघालं. ऑफिसातल्या मित्राने माझ्याहून महाग, सडपातळ, देखणा लॅपटॉप घेतला, कार्ड तेच. एका शनिवारी दोघांनी शेजारी बसून सायबरपंक २०७७ हा गेम लावला, सेटिंग सारखी. माझ्याकडे सेकंदाला सत्तरच्या आसपास फ्रेम, म्हणजे चित्रं, त्याच्याकडे पन्नाशीही धड गाठेना. बिचारा तासभर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून-घालून बघत होता. शेवटी कंपनीच्या साइटवर, माहितीच्या तळाशी, बारीक अक्षरांत वॉटचा आकडा सापडला. दुकानात विचारलं तर "साहेब, फोर्टी-सिक्स्टी म्हणजे फोर्टी-सिक्स्टी" एवढंच उत्तर मिळतं. ऐकून घ्या, आणि आकडा स्वतः शोधा.

रॅमचंही तसंच. १६ जीबी लिहिलं होतं, पण आत एकच स्टिक, दुसरा स्लॉट रिकामा. एका स्टिकवर मेमरीची वाहतूक दोनाऐवजी एकाच मार्गाने चालते. काउंटर-स्ट्राइक २ या ऑनलाइन गोळीबाराच्या गेममध्ये कोणी धुराचा बॉम्ब फेकला की गेम अडखळायचा, आणि मी महिनाभर घरच्या वायफायला शिव्या घालत होतो. त्याच वेगाची दुसरी स्टिक आणून बसवली, अडखळणं जवळपास गेलं.

आता उन्हाळ्याबद्दल. आम्ही धायरीत राहतो, वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये दुपारी चारला स्लॅब तापलेला, पंखा गरम हवा फिरवतोय आणि लॅपटॉपचा प्रोसेसर ९७ अंशांवर. आतल्या खोलीतून आईचा आवाज: "अरे, मिक्सर कोणी चालू ठेवलाय?" आधी मी मागच्या पायांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं ठेवली. हसू नका, चार-पाच अंश उतरले. खरा गुण आला तो विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केल्यावर. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. तापमान ८० पर्यंत आलं, फ्रेम गेल्या तीन-चार. कूलिंग पॅडवर पैसे घालण्याआधी हे फुकटचं करून बघा.

धूळ हा वेगळाच विषय. आमच्या भागात रस्ता खणलेला नाही असा महिना आठवत नाही. मार्चमध्ये खालचं पॅनेल उघडलं तर जाळीवर गोधडीचा तुकडा ठेवल्यासारखा थर. तो काढला, पण एक पंखा घरघर करू लागलाच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले "दोन दिवस". लागले अकरा. परत आला तेव्हा खालचा एक स्क्रू गायब. वॉरंटीत झालं म्हणून गप्प बसलो.

बॅटरीच्या भरवशावर गेमिंग विसरा. आमच्याकडे देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते. प्लग निघाला की फ्रेम निम्म्यावर आणि पाऊण तासात खेळ खलास. मग मी राजी हा गेम काढतो, आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला, पीसीवर २०२० मध्ये आलेला. हलका आहे, सुंदर आहे. दिवसा अंधार, पण गुरुवारीच रात्री एपिक या ऑनलाइन गेम-दुकानाचा फुकट गेम येतो, म्हणजे हिशोब बरोबर. बाकी, अडीच किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा ॲडॅप्टर सॅकमध्ये घालून ॲक्टिव्हावर ऑफिसला न्यायचा बेत तीन दिवस टिकला.

आणि गेम? स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये मोठमोठे घेऊन ठेवले. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते. ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये दिसते ४७६ च्या आसपास, त्यातच विंडोज, ऑफिसची कामं, फोटो. दोनदा टाकला, दोनदा काढला. एल्डन रिंग ६० फ्रेमच्या वर जातच नाही, तिथे १४४ हर्ट्झचा स्क्रीन नुसता शोभेला. एका गेमचे पैसे परत मागितले ते थोडक्यात मिळाले: घेतल्यापासून १४ दिवस आणि खेळ दोन तासांच्या आत, असा नियम, आणि पहिल्यांदा सुरू करताना शेडर (प्रकाश-सावल्यांचे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्यात गेलेली पंचवीस मिनिटंही त्याच दोन तासांत धरली गेली.

परवा स्टीमवर तास मोजले. सर्वांत जास्त हेडिस, मग काउंटर-स्ट्राइक, मग स्टारड्यू व्हॅली. हेडिस आणि स्टारड्यू माझ्या जुन्या, कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालत होते. या यंत्राची खरी गरज होती असे तास जेमतेम सव्वाशे. खंत नाही, सायबरपंकमधला रात्रीचा पाऊस या स्क्रीनवर बघितलाय. पण पुन्हा घ्यायचा झाला तर आधी गेमची यादी करीन आणि एक पायरी खालच्या ४०५० कार्डावर थांबून उरलेले पैसे १ टीबी एसएसडीत घालीन.

भाचा बारावीनंतर लॅपटॉप घेणार आहे. "मामा, कोणता घेऊ?"

"खेळणार काय?"

"व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट. आणि जीटीए ६."

व्हॅलोरंटला ४०६० लागत नाही, हे सांगितलं. जीटीए ६ ची पीसीसाठी तारीखच तो बनवणाऱ्या रॉकस्टारने जाहीर केलेली नाही, आधी प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवर येतोय, हेही सांगितलं.

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "मग आत्ता तुझाच दे ना."