मी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर, ‘आज रोख उद्या उधार’च्या पाटीशेजारी, माझ्याच हातानं लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नये.’ ओळखीतल्या एका आजोबांची पेन्शन फोनवरून गेली, तेव्हा लावला होता. गोळ्या घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी तो बोट दाखवून वाचायला लावायचे.

त्याच काउंटरमागे बसलेली असताना माझ्या ट्रेडिंग खात्यातून ३ लाख ६८ हजार रुपये गेले. आणि ओटीपी मी खरंच कुणाला सांगितला नव्हता. एसएमएसवर आलेला नाही, मेलवर आलेला नाही, ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोडही नाही. हे सगळं चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण ‘मी काही सांगितलेलंच नाही, मला काय होतंय’ असं म्हणणारे रोज दोन तरी भेटतात. म्हणून लिहितेय.

मी कराडची. लॉकडाऊनमध्ये दुकान चालू होतं पण संध्याकाळ रिकामी असायची, तेव्हा शेअर घ्यायला लागले. थोडे बँकांचे, थोडे औषध कंपन्यांचे (त्यातलं मला कळतं असा माझा समज). ऑप्शनकडे (शेअर ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याच्या हक्काचा सौदा) वळले ते एका टेलिग्राम चॅनेलमुळे. रोज बाजार बंद झाला की तिथं हिरव्या आकड्यांचे स्क्रीनशॉट पडायचे. चॅनेल चालवणाऱ्याला सगळे ‘सर’ म्हणायचे, मीही म्हणायला लागले. फोनवर बोलणं अगदी घरातल्या माणसासारखं. ‘ताई, जेवलात का’ इथून सुरुवात.

सरांचा धंदा ‘अकाउंट हँडलिंग’चा. पैसे तुमच्याच खात्यात, ट्रेड ते करणार, नफ्यातले तीस टक्के त्यांचे. मी शंका काढली तर म्हणाले, ‘ताई, ट्रेडिंग खात्यातले पैसे काढले तरी तुमच्या नावाच्या, तिथं नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात. मग मी चोरणार कसे?’ हे अगदी खरं आहे. मी ब्रोकरच्या ॲपमध्ये जाऊन तपासलंसुद्धा. नेमक्या याच खऱ्या गोष्टीनं मला झोपवलं.

आता ऑथेंटिकेटरचं. ३० सप्टेंबर २०२२ पासून ब्रोकरकडे लॉगिन करताना पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा द्यावाच लागतो. मी एसएमएसवर भागवत होते. सर म्हणाले, ‘एसएमएसवर राहू नका, सिम स्वॅप करून, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून, लोकांची खाती रिकामी करतात. ऑथेंटिकेटर ॲप टाका.’ सल्ला शंभर टक्के बरोबर. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

ॲप टाकलं. ब्रोकरच्या पानावर ‘टीओटीपी चालू करा’ दाबलं (ऑथेंटिकेटरच्या कोडला तिथं टीओटीपी म्हणतात). एक काळा-पांढरा क्यूआर चौकोन आला आणि त्याखाली अक्षरांची लांबलचक रांग, स्कॅन होत नसेल तर हाताने टाकायला. सर फोनवर होतेच. ‘ताई, त्या पानाचा एक फोटो मला टाका. आमचं सॉफ्टवेअर सकाळी आपोआप लॉगिन होतं, म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईक सोडून कोड सांगत बसायला नको. आणि एक लक्षात ठेवा, ॲपमध्ये जो सहा आकडी कोड दिसेल तो कुणालाही द्यायचा नाही. मलासुद्धा नाही.’

‘मलासुद्धा नाही’ म्हणणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? स्क्रीनशॉट काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. क्लायंट आयडी आणि पासवर्ड आधीच दिला होता. पासवर्ड देताना मनात धाकधूक होती, पण म्हटलं कोड तर माझ्याच फोनवर येतोय, त्याच्याशिवाय आत कोण जाणार?

इथंच सगळी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एसएमएसचा ओटीपी बाहेरून पाठवलेला असतो. ऑथेंटिकेटरचा कोड कुणी पाठवत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढून ठेवा, तरी कोड बदलत राहतो, कारण फोन तो स्वतःच बनवतो. त्याला दोनच गोष्टी लागतात: एक गुप्त की आणि घड्याळ. १ जानेवारी १९७० पासून आत्तापर्यंत तीस-तीस सेकंदांचे किती तुकडे झाले हा आकडा आणि ती की यांचं गणित मांडलं की सहा अंक निघतात. ब्रोकरच्या सर्व्हरकडे तीच की असते, तोही तेच गणित करतो, उत्तर जुळलं की दार उघडतं. ती की म्हणजे क्यूआरखालची अक्षरांची रांग. क्यूआरमध्येही मुख्यतः तीच भरलेली असते. माझी ३२ अक्षरांची होती. इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि २ ते ७ एवढेच अंक. ०, १, ८, ९ त्यात कधी येतच नाहीत. दिसायला कुठल्या तरी औषधाच्या बॅच नंबरसारखी.

म्हणजे कोड तीस सेकंदांत शिळा होतो, की कधीच होत नाही. मी सरांना कोड दिला नाही, कोड बनवणारी गिरणीच देऊन टाकली. त्या दिवसापासून माझ्या फोनवर जे सहा आकडे उमटत होते तेच, त्याच सेकंदाला, त्यांच्या फोनवरही उमटत होते. मला कसला मेसेज येणार नव्हता, फोन वाजणार नव्हता. त्यांना माझी गरजच उरली नव्हती.

मी दीड लाख टाकले होते. अकरा दिवसांत ३७ हजार नफा झाला. खरा नफा, माझ्या खात्यात, कॉन्ट्रॅक्ट नोटसकट (दिवसाच्या व्यवहारांची ब्रोकरची पावती). तीस टक्क्यांप्रमाणे ११,१०० मी यूपीआयनं पाठवले. मग सरांचा लकडा सुरू झाला, ‘भांडवल वाढवा ताई, एवढ्यात मोठी पोझिशन घेता येत नाही.’ ह्यांना न विचारता एक एफडी मोडली आणि सव्वादोन लाख टाकले. खात्यात ४ लाख १२ हजार झाले. घरात नंतर जे झालं ते इथं लिहीत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास स्टॉकिस्टचा माणूस माल घेऊन आला होता. मी बिलाशी स्ट्रिपा ताडून बघत होते. मोबाईल थरथरायला लागला, एकामागून एक ऑर्डर पूर्ण झाल्याची नोटिफिकेशनं. मला वाटलं सर मोठी पोझिशन घेतायत. उलट बरं वाटलं. माल लावून झाल्यावर ॲप उघडलं, तर शिल्लक ४३ हजार आणि वर काहीशे.

काय झालं ते रात्री कॉन्ट्रॅक्ट नोट आल्यावर कळलं. एका कंपनीच्या शेअरचा कॉल (शेअर ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क), बाजारभावापासून इतका लांबचा की दिवसभर त्यात कुणी व्यवहारच करत नाही. तो १४ रुपयांना २८,००० नग घेतला, आणि थोड्याच मिनिटांत अडीच रुपयांना विकला. ३ लाख २२ हजार तिथं गेले. उरलेल्या पैशांत पुन्हा तोच कॉल १४ ला ४,००० नग, पुन्हा अडीचला विक्री. आणखी ४६ हजार. असल्या ओसाड ऑप्शनमध्ये विकायला बसलेला एकच असतो, आणि घ्यायला बसलेलाही तोच. त्याच्या खात्यात नफा, माझ्या खात्यात तोटा. पैसे माझ्या बँकेशिवाय कुठं जात नाहीत हे सरांचं वाक्य तेव्हाही खरंच होतं. त्यांनी पैसे काढलेच नव्हते, ‘हरले’ होते. स्वतःशीच.

मी पहिली चूक ही केली की फक्त पासवर्ड बदलला. ब्रोकरच्या हेल्पलाइनवरच्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, टीओटीपी रीसेट केलात का?’ मी म्हटलं कोड तर माझ्या फोनवर आहे. ती थांबली आणि म्हणाली, ‘की कुणाकडे आहे?’ तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. तुमच्यावर ही वेळ आली तर आधी जुना टीओटीपी बंद करून नवी की तयार करा, पासवर्ड बदला, सगळीकडची लॉगिन बंद करा, कुठल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरला परवानगी दिली असेल तर तीही काढा. आणि हे होईपर्यंत खातं गोठवायला सांगा.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दुपारी फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवरही तक्रार भरली. फॉर्ममध्ये विचारतात, पैसे कुठल्या खात्यात गेले? काय लिहिणार? पैसे बाजारात गेले होते. बँकेचा माग एकाच रकमेला होता, मी स्वतः आनंदानं पाठवलेल्या त्या ११,१०० ना. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या पोर्टलवरही तक्रार टाकली. ब्रोकरचं उत्तर आलं की लॉगिन योग्य पासवर्ड आणि योग्य कोडनं झालं आहे. ते खोटं नाही. तक्रार पुढं चालू आहे. समोरच्या बाजूच्या ऑर्डरला कुणाचा तरी क्लायंट कोड आणि त्यामागं कुणाचा तरी पॅन असणारच, एवढ्या आशेवर आहे. तो पॅनही दुसऱ्याच कुणा बिचाऱ्याचा निघाला तर मात्र कठीण.

हे मी उगाच म्हणत नाही. पोलिसांना द्यायला जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट काढल्या, तेव्हा माझ्या ‘नफ्या’च्या अकरा दिवसांतली एक खरेदी-विक्री डोळ्यांत खुपली. असाच ओसाड कॉल, ३ रुपयांना घेतलेला आणि मिनिटाभरात ९ ला विकलेला, ४,००० नग. ३७ हजारांतले २४ हजार या एकाच व्यवहाराचे. ९ रुपये देणारा कोण वेडा होता? मला वाटतं तो वेडा नव्हता, माझ्यासारखाच होता, आणि त्याच्याही मोबाईलवर त्या वेळी नोटिफिकेशनं येत असतील. मी त्या दिवशी पेढे वाटले होते. तक्रारीत हेही लिहून दिलंय. वकील म्हणाले नको लिहायला, पण लिहिलं.

नंतर वाचत बसले तर लोकांना किती तऱ्हांनी गंडवतात ते दिसलं. २०२२ मध्ये ‘उबर’सारख्या कंपनीत हल्लेखोरानं एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर ‘लॉगिन मंजूर करा’चा इतका मारा केला आणि वर आयटीवाला असल्याचं भासवून मेसेज केला, की शेवटी त्यानं ‘हो’ दाबलं. ॲप स्टोअरमध्ये ऑथेंटिकेटर म्हणून शोधलं तर नाव-चिन्ह सारखं केलेली भलतीच ॲप दिसतात, स्कॅन केलेलं क्यूआर ती कुठं पाठवतात कोण जाणे. खोट्या लॉगिन पानावर कोड टाकला तर तो तीस सेकंदांच्या आत खऱ्या पानावर वापरतात. आणि फोन बदलताना ॲप जो ‘खाती हलवा’चा क्यूआर दाखवतं, त्यात तुमच्या सगळ्या खात्यांच्या की एकत्र असतात. दुकानातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्यासमोर तो उघडून ठेवलेला मी स्वतः बघितलाय.

अकाउंट हँडलिंगबद्दल एवढंच. दुसऱ्याचे पैसे आपल्या अक्कलहुशारीनं फिरवायचे तर सेबीकडे पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी लागते, आणि तिथं एका गिऱ्हाइकाचे किमान ५० लाख घ्यावे लागतात. चार लाखांचं हँडलिंग करणारा नोंदणीकृत माणूस असूच शकत नाही. सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते की तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. मी ती बातमी वाचली होती. सर उरलेल्या सात टक्क्यांतले आहेत असं धरून चालले होते.

गेल्या आठवड्यात दुकानात एक निवृत्त गुरुजी आले. बीपीच्या गोळ्या बांधून देताना सहज विषय निघाला, तर त्यांचंही ‘हँडलिंग’ चालू. सर वेगळे, चॅनेल वेगळं. ‘मी कोड देत नाही हं कुणाला,’ म्हणाले आणि माझ्या कागदाकडे बोट दाखवलं. मी त्यांचं व्हॉट्सॲप उघडायला लावलं. वर सरकवत गेलो. सापडला तो काळा-पांढरा चौकोन, खाली अक्षरांची रांग, दोन निळ्या खुणा.

गुरुजींना स्टुलावर बसवलं, शटर अर्धं ओढलं आणि तिथंच की बदलली. नवी नोंद ॲपमध्ये आली, नवे आकडे वेगळे. जुनी नोंद काढायची राहिली होती. तिच्यावरही छोटं वर्तुळ भरत होतं आणि दर तीस सेकंदांनी सहा नवे आकडे येत होते, आता कुठलंच दार न उघडणारे. गुरुजी बराच वेळ ते बघत बसले. मग म्हणाले, ‘त्याच्याकडेही हेच दिसत असेल ना?’