ऑटो स्लॅक अ‍ॅडजस्टर, काही महिन्यांनी: स्ट्रोक सुधारला, लायनरची झीज मात्र सुधारली नाही

जुन्या ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये मागच्या एक्सलचे हाताने आवळायचे स्लॅक (लायनर झिजला की ब्रेकमधली ढील भरून काढणारे दांडे) काढून ऑटो, म्हणजे आपोआप जुळणारे, बसवले. पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. पेडल एकसारखं, डाव्या-उजव्या चाकाचा स्ट्रोक (ब्रेक मारल्यावर हवेच्या चेंबरचा दांडा, म्हणजे पुशरॉड, किती बाहेर येतो ते) बरोबरीचा, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत नाही. ड्रम उतरवला तेव्हा मत बदललं. एका चाकात वरच्या शूचा (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीचा) लायनर, म्हणजे त्यावरचा घासणारा थर, कडेला पातळ झालेला, खालचा जवळपास नवा.

एस-कॅम (स्लॅकने फिरणाऱ्या कॅमशाफ्टच्या टोकाचा एस आकाराचा भाग) दोन्ही शू सारखेच उचलतो, त्यामुळे दोन्ही लायनर साधारण बरोबरीने झिजायला हवेत. एकच शू झिजतोय म्हणजे आधी कॅमशाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) बघायचे, मग अँकर पिन (शूचं दुसरं टोक धरणारी) आणि रोलर (शू आणि कॅममधला) जाम आहेत का ते. बुश खाल्ला की शाफ्ट मध्यावर राहत नाही आणि एका शूवर जास्त दाब येतो. हाताने आवळायच्या स्लॅकवर असं चाक सारखं आवळावं लागायचं, तिथेच संशय यायचा. ऑटोमध्ये तो इशारा जातो, कारण वाढलेला स्ट्रोक तो गुपचूप भरून काढतो. माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि खोक्यातल्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळसुद्धा नाही!

तपासणी सोपी आहे. सपाट जागा, चाकांखाली ठोकळे, पार्किंग ब्रेक सोडलेला. स्लॅकजवळ कॅमशाफ्टखाली पहार घालून उचला आणि डायल गेजवर खेळ बघा. साधारण 0.75 मिमीच्या वर गेला तर बुश आणि सील दोन्ही बदला. ग्रीस मारल्यावर जुनं ग्रीस स्लॅकच्या बाजूने बाहेर आलं पाहिजे. ड्रमच्या बाजूने आलं तर आतला सील उलटा बसलाय किंवा फाटलाय, आणि ते ग्रीस थेट लायनरवर जातं.

स्ट्रोकसाठी ब्रेक सोडलेला असताना पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूची खूण करा. इंजिन बंद, टाकीत 90 ते 100 पीएसआय, पेडल पूर्ण दाबलेलं. टाइप 30 च्या (आतल्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 30 चौरस इंच) साध्या, म्हणजे लाँग-स्ट्रोक नसलेल्या, चेंबरला खूण 2 इंचांच्या पुढे जाता कामा नये.

सर्वात जास्त डोकं फिरतं ते सर्व्हिसिंगला. दरवेळी मेकॅनिक पाना घेऊन ऑटो स्लॅक आवळायलाच बसतो. बसवताना एकदा लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळून अर्धा फेरा मागे घ्यायचा, एवढंच. नंतर स्ट्रोक वाढलेला दिसला तर बुश, क्लेव्हिस पिन (पुशरॉड स्लॅकला जोडणारी), ड्रम किंवा खुद्द अ‍ॅडजस्टर खराब आहे. आवळून तो दोष फक्त थोडे दिवस लपतो.

वस्तू चांगली आहे, घ्या. पण बुश खाल्लेल्या एक्सलवर लावून पैसे घालवू नका. आधी बुश, मग स्लॅक. लायनर आणि रिटर्न स्प्रिंग मात्र एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला. एकाच बाजूला नवे टाकले तर गाडी पुन्हा ओढायला लागेल.